तांबटाचे ठोके

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. पुढे विस्तार होऊनही त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटरच आहे. महामार्ग त्याला चिकटूनच जात असल्याने ट्रकचे भोंगे झाडीत शिरल्यावरही बराच वेळ पाठ सोडत नाहीत. मार्चमधल्या एका सकाळी आम्ही काही अध्यापक, विद्यार्थ्यांना घेऊन, तेथील 'हरियाल' आणि 'मोरटाका' या दोन निसर्गवाटांपैकी पहिलीने निघालो. हरियाल म्हणजे हरोळी, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आम्हांला मात्र त्या दिवशी विचारात पाडले ते दुसऱ्याच पक्ष्याने.

एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावरून 'टुक्, टुक्, टुक्' असा एकसुरी, ठेक्यातला आवाज येत होता. कुणीतरी म्हणाले, "तांबट." त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तांबट म्हणजे काय?" पक्षी तिला समोर दिसत होता, तिचा प्रश्न शब्दाविषयी होता.

तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम करणारा कारागीर म्हणजे तांबट. हे नाव रुजले तेव्हा ते ठोके लोकांच्या कानांत रोजचे होते. त्यांवरून रानातला आवाज ओळखता येई. आज आम्हांला पक्ष्याकडे बोट दाखवून कारागिराच्या हातोडीचा आवाज समजावून द्यावा लागला. उपमेय झाडावर शाबूत होते, उपमान मात्र हरवले होते.

मराठी पक्षिनामांत असे एक अख्खे गाव नांदते. खोडावर चोच चालवणारा सुतार, पाने शिवून घरटे करणारा शिंपी, पाणवठ्याकाठचा धोबी, भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा खाटीक, घरट्याजवळ आलेल्या घारी-कावळ्यांना पिटाळून लावणारा कोतवाल. ही नावे पाठ करून भागत नाही. त्यांच्यामागचा व्यवसाय आणि पक्ष्याची रीत, दोन्ही पाहिलेली असतील तरच शब्द अर्थाने भरतो.

याच अभयारण्याच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा होता, त्या मारुती चितमपल्ली यांनी हे दुहेरी पाहणे आयुष्यभर केले. जून २०२५ मध्ये ते गेले. बगळ्यांच्या वीणवसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द त्यांनी मराठीला दिले. भाषेत असे शब्द घडवायला रान पायांखालून जावे लागते. कोश नंतर येतो.

साहित्याच्या वर्गात निसर्गवर्णन शिकवताना आपण प्रतिमांची चर्चा करतो, प्रतिमेतल्या वस्तूची क्वचितच. कर्नाळा राखले तर पक्षी राहील. त्याच्या नावाचा अर्थ राखण्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतही विद्यार्थ्यांना न्यायला हवे. तेथे हातोडीचे ठोके अजून थांबलेले नाहीत.