मोठ्या चाकांचा मोह

ज्या ठिकाणाच्या नावातच ‘रोड’ हा शब्द कायमचा वस्तीला आला आहे, तेथील माणसांनी वाटा आणि वाहने यांविषयी चार शब्द अधिक बोलावेत, यात नवल ते काय? जुने डहाणू गाव समुद्राला आणि खाडीला धरून बसलेले. आगगाडी मात्र गावापासून अंतर राखून निघून गेली. मुंबईपर्यंतचा हा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला, आणि गावाकडे जाणारी वाट ज्या स्थानकापासून फुटली ते ‘डहाणू रोड’ ठरले. पुढे स्थानकाभोवतीही वस्ती वाढली. आज आमच्या भागात चिकू निघतो तो रस्त्याने, गवत निघते ते रस्त्याने, आणि आडरात्री दुखणाईत माणूस निघतो तोही रस्त्यानेच. आता या सर्वच वाटांना रस्ता म्हणावे की नाही, हा प्रश्न निराळा!

माझ्याजवळ एक जुनी पिकअप गाडी आहे. तिचे वय तेरा वर्षांचे. माणसाच्या हिशेबाने ते अल्लड, पण गाडीच्या हिशेबाने चांगलेच पोक्त. वाडीतील चिकूच्या पेट्या वाहणे हा तिचा नित्याचा उद्योग. परंतु आमच्या वाडीच्या मागे दीड कोसावर जो पाडा आहे, त्या पाड्याचा तिच्यावर माझ्याइतकाच हक्क आहे. मागल्या श्रावणात एका बाळंतिणीला घेऊन ती कासा येथील रुग्णालयाकडे निघाली, आणि वाटेतल्या ओहोळापाशी चिखलात रुतली. पाड्यावरच्या पाचसहा जणांनी खांदा लावून तिला बाहेर काढले. माय-लेक दोघेही सुखरूप राहिली. पण चाके जागच्या जागी फिरत असतानाचा तो घरघराट आणि हौद्यातून येणारे ते कण्हणे यांनी माझी पुढील कित्येक रात्रींची झोप उडविली. पुढच्या पावसाळ्यापूर्वी या चाकांचे काहीतरी केले पाहिजे, हे मनाने तेव्हाच घेतले.

अशा वेळी सल्ला देणारांची वाण कधीच पडत नाही. माझा भाचा यंत्रशास्त्राचा विद्यार्थी. तो म्हणाला, “मामा, सरळ एकतीस इंची चाके घाला. गाडी अशी उंच दिसेल, की बोर्डीच्या वाळूत लोक वळून पाहतील!” आमच्याच बाजूच्या एका वाडीवाल्याने तशी चाके नुकतीच बसविली होती. ती पाहून मलाही मोह पडला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. काळीभोर, रुंद, मगरीच्या पाठीसारख्या खवल्यांची ती चाके पाहिली, की आपली गाडी अनवाणी उभी आहे असे वाटू लागते.

हा मोह अगदीच खुळा नव्हे. आपल्या बैलगाडीचे चाक काय लहान होते? उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढे ते थोर असे. ज्या खड्ड्यात लहान चाक पडून राहते, त्याच खड्ड्यावरून थोरले चाक सहज लोटते, हे सुतारांना पुस्तकाशिवाय कळले होते. मात्र लोखंडी धावेचे ते अरुंद चाक भिजलेल्या मातीत सुरीसारखे उतरे. त्या चाकाला हवेची उशी मिळाली ती फार पुढे. रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, आणि ते विसरले गेल्यावर १८८८ साली डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती कल्पना पुन्हा शोधून काढली. तेव्हापासून वाटेतला दगड चाकाला उचलीत नाही. चाकच त्याला पोटात घेते.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या गाडीच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. टायरवाल्यांची ही भाषाही मौजेची! रुंदी मिलिमीटरात, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा प्रमाणात आणि मधली रिम इंचात; तीन देशांचे पाहुणे एकाच पंगतीला बसवावेत तसे. हिशेब केला तेव्हा माझ्या चाकाचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर निघाला. एकतीस इंची चाकाचा व्यास ७८७ मिलिमीटर. म्हणजे वाढ सुमारे ८३ मिलिमीटरांची. पण त्यातली निम्मीच आसाखाली येते. निम्मी वर मडगार्डाकडे जाते. एवढा थाटमाट करून गाडी जमिनीपासून उचलली जाणार ती जेमतेम ४२ मिलिमीटर, म्हणजे तीन बोटे!

आणि या तीन बोटांची किंमत कोणकोण भरणार? मोटार ही एखाद्या एकत्र कुटुंबासारखी असते. एकाने अंग पसरले की बाकीच्यांना सरकून बसावे लागते. चाक सुमारे १२ टक्के मोठे झाले की एका फेऱ्यात ते तेवढे अधिक अंतर तोडते. वेगाचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६७ने धावत असेल. पहिल्या गिअरचा जोर तितकाच उणावणार. जव्हारच्या चढावर भरल्या गाडीचा क्लच जळका वास सोडू लागणार. ब्रेक तेच राहणार, पण त्यांना आवरावयाचे चाक जड आणि थोर असल्यामुळे गाडी थांबण्यास अधिक वाट लागणार. पूर्ण वळण घेताना टायर आतून मडगार्डाला घासणार. ते घासू नये म्हणून खालचे पाटे उंच करावयाचे, आणि पाटे उंच केले की गाडीचा तोल वर चढणार. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही वाटेत उभे आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यातून टायरवर भाराचा आकडा असतो तो वेगळाच. तेथे १०० लिहिले असेल तर एका चाकाने ८०० किलो पेलावे असा त्याचा अर्थ. शोभेसाठी घेतलेल्या टायरवर तो आकडा उणा असेल, तर चिकूच्या पेट्यांखाली त्याची शोभा किती दिवस टिकणार?

पण हे सगळे हिशेब ज्या एका वाक्यापुढे फिके पडले, ते वाक्य कागदावर नव्हते. वाडीत पेट्या भरणाऱ्या बाया शेजारच्या वाडीतही कामाला जातात. त्यांतल्या एका वयस्क बाईला मी सहज विचारले, “काय बाई, त्यांची गाडी कशी काय?” तिने डोक्यावरचे चुंबळ सारखे केले आणि ती म्हणाली, “गाडी उंच झाली शेठ, आमी नाय झालो.”

त्या रात्री मी आणखी एक हिशेब मांडला. एक पेटी वीस किलोची. एका खेपेला साठ पेट्या. प्रत्येक पेटी ४२ मिलिमीटर अधिक उचलावयाची म्हणजे खेपेअखेर वीस किलोची एक पेटी अडीच मीटर वर, घराच्या माळ्यावर नेऊन ठेवावयाची. रोज. चिकूच्या झाडाला उसंत थोडी; तेव्हा बाईच्या कमरेलाही उसंत थोडी. भाच्याच्या डोळ्यांना जी उंची दिसत होती, ती तिच्या कमरेला भरावी लागणार होती. जगात पुष्कळशा उंच गोष्टींची अशीच कथा असते. वर बसणाराला ऐट दिसते, आणि खाली उभा असणाराला फक्त अधिक हात वर करावे लागतात.

मग चिखलाचे काय? त्यासाठी उंचीपेक्षा पकड हवी, असे मला दिसून आले. दुसऱ्या महायुद्धातील जी विलीज जीप साऱ्या जगाच्या चिखलातून फिरली, तिचे वजन सुमारे ११०० किलो आणि टायर अवघे सहा इंच रुंद. त्याच जीपची जोडणी पुढे मुंबईत सुरू झाली, आणि आपल्याकडच्या खेडवळ गाड्यांचे घराणे तिच्यापासून चालू झाले. तिचा पराक्रम चाकांच्या थोरवीत नव्हता. तो हलकेपणात, चारही चाकांना मिळणाऱ्या ओढीत आणि सावकाश गिअरच्या जोरात होता. माझ्या गाडीला ती चौफेर ओढ नाही. पण मूळ मापाचेच, खोल खाचांचे टायर मिळतात. त्यांतही निव्वळ चिखलाचे जे असतात, ते ओल्या डांबरावर तितके विश्वासू नसतात आणि महामार्गावर भुंग्यासारखे गुणगुणतात. म्हणून अर्धी वाट डांबराची नि अर्धी मातीची असणाऱ्या माझ्यासारख्याने मधले घ्यावेत. मोकळ्या गाडीने ओहोळ ओलांडताना हवा थोडी उतरविली, की टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि रुतत नाही. पलीकडे जाऊन ती पुन्हा भरली म्हणजे झाले. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एक लहानसा पंप मी आसनाखाली ठेवला आहे.

चार नवे टायर त्याच मापाचे बसले. भाच्याची थोडी निराशा झाली, टायरवाला मिस्त्री मात्र म्हणाला, “शेठ, गाडी आपल्याच पायावर राहिली हे बरे.” जुन्यांपैकी दोन पाड्यावरची पोरे मागून घेऊन गेली, आणि काठीने पिटाळीत ती त्यांना दिवसभर पळवितात. त्या टायरांना उतारवयात एवढे सुख क्वचितच लाभले असेल.

तरीही मनात एक खंत उरतेच. ओहोळ पार करण्यासाठी मी चाकांचा इतका विचार केला, पण ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी कशाचा विचार करावा? आपली गाडी उंच करणे हा आपल्यापुरता उपाय. सर्वांसाठी उपाय म्हणजे त्या ओहोळावर एक मोरी. ग्रामपंचायतीत पाड्यातील लोकांबरोबर मीही अर्जावर सही केली आहे. मृगापूर्वी ती मोरी होईल असे मानण्याइतका भोळा मी नाही. म्हणून तोवर रात्री किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवतो, आणि पंप चालतो की नाही ते दर आठवड्याला पाहतो.