टाचेखालची नाल

ड्रिलचा बूट हातात घेतला की आधी जाणवतं त्याचं वजन. जाड काळं चामडं, तळव्याला ठोकलेले खिळे, टाचेला लोखंडी नाल. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातल्या एनडीएत, नव्या कॅडेटला गणवेश, पीटी शूज, सायकल अशी भलीमोठी जंत्री मिळते. त्यातला झोप खाणारा ऐवज एकच, हा बूट. प्रशिक्षण तीन वर्षांचं, टर्म सहा. पहिली टर्म तर बरीचशी त्याच्याच सेवेत जाते.

साताऱ्याकडच्या एका मुलाच्या घरात बुटांचा एकच जोड होता. वडिलांचा, एसटीच्या खाकी गणवेशाबरोबर घालायचा. सहावीला तो सातारच्या सैनिक स्कूलमध्ये गेला. 23 जून 1961 रोजी सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा. मुलांना एनडीएसाठी तयार करणं हाच तिचा हेतू. तिथं त्याच्या पायात स्वतःचे बूट आले आणि रोज सकाळी ब्रश मारायची सवयही लागली.

लेखी परीक्षा पार पडली आणि भोपाळहून एसएसबीचं, म्हणजे सेवा निवड मंडळाचं, बोलावणं आलं. पाच दिवसांची ती निवड म्हणजे अजब प्रकार. छातीवर नंबर चढतो आणि नाव मागे पडतं. पंधरा-पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे साठ शब्द समोर येतात. प्रत्येकावर जे सुचेल ते लिहायचं. सावरून, सजवून लिहायला उसंतच नसते. मैदानावर फळ्या, पिंप, दोरखंड देऊन सांगतात, अडथळा ओलांडा, पण लाल रंगवलेल्या भागाला हातपाय लावायचा नाही. मोठ्यानं ओरडणारे दर गटात असतातच. बाजूला वही घेऊन उभा असलेला अधिकारी मात्र दुसऱ्याची कल्पना ऐकून मुकाट फळी पुढे सरकवणाऱ्यालाही टिपत असतो. मुलगा निघताना बूट लख्ख करून गेला होता. त्यांच्याकडे कुणी पाहिल्याचं त्याला काही दिसलं नाही.

एनडीएत ती कसर भरून निघाली. नव्या बुटाचं चामडं खडबडीत असतं. ब्रशाला ते दाद देत नाही. ओलं फडकं बोटाला घट्ट गुंडाळायचं, डबीतून नखभर पॉलिश उचलायचं आणि बुटाच्या टोवर लहान लहान गोल फिरवत राहायचं. मग पाण्याचा एखादा थेंब, पुन्हा पॉलिश, पुन्हा गोल. थरावर थर बसतो, चामड्याची छिद्रं बुजतात आणि बऱ्याच वेळानं टोमध्ये खोलीची ट्यूबलाइट दिसू लागते. घाई केली की वर धुरकट साय येते. मग सगळं खरवडून पहिल्यापासून! हे करायचं ते दिवसभर पीटी, वर्ग, पोहणं, खेळ उरकून. सीनियरनं मधेच काढलेला रगडा सोसून. डोळे मिटत असताना. सकाळी परेडवर शेजाऱ्याची टाच एकदा टोवर पडली की रात्रीची मेहनत पाण्यात.

ड्रिल शिकवणारे उस्ताद डोळ्यांनी जितकं बघायचे, तितकंच कानांनी. सगळ्या पलटणीच्या टाचा एका क्षणी पडल्या की एकच आवाज येतो; एक जरी मागे राहिली तरी तो फाटतो आणि उस्तादांना कोणाची ते न बघता कळतं. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास झाल्याशिवाय पहिल्या टर्मच्या पोराला पुण्यात फिरायला सुट्टी नाही. त्यामुळे लक्ष्मी रोड दिसायचा तर रस्ता टाचेवरूनच जायचा. या परेड मैदानाला आज सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे. ते इथलेच कॅडेट. 1971 च्या युद्धात बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत पूना हॉर्सचा हा अधिकारी वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडला. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

मैदानाबाहेर मात्र नाल निरुपयोगी. ग्रीनहॉर्न, रोव्हर, तोरणा अशा चढत्या क्रमाच्या कॅम्पांना निघताना ड्रिलचे बूट खोलीत राहायचे आणि पायात रबरी तळाचे डीएमएस चढायचे. डोंगर, पाठीवर ओझं, हातात रायफल, रात्रभर नकाशा आणि होकायंत्र. रोव्हरमध्ये त्याच्या टाचेला रुपयाएवढा फोड आला आणि फुटला. पुढच्या धावेत एका दोस्तानं काही न बोलता त्याची रायफल आपल्या खांद्यावर घेतली. त्याचे बूट कसे चमकतात हे त्या रात्री कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

एनडीएनंतर डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, आणखी एक वर्ष. 1932 साली चाळीस कॅडेट घेऊन ती सुरू झाली. त्या पहिल्या तुकडीतले सॅम माणेकशा, मोहम्मद मुसा आणि स्मिथ डन पुढे अनुक्रमे भारत, पाकिस्तान आणि ब्रह्मदेशाचे लष्करप्रमुख झाले. त्याच वर्षी 10 डिसेंबरला उद्घाटनाच्या भाषणात सरसेनापती फिलिप चेटवुड यांनी अधिकाऱ्यापुढे एक क्रम ठेवला. देशाची सुरक्षा आणि मान पहिला, हाताखालच्या जवानांची काळजी त्यानंतर, स्वतःची सोय सगळ्यांत शेवटी. तिथल्या प्रत्येक कॅडेटला हा क्रम तोंडपाठ असतो. त्यालाही होता.

पासिंग आउटच्या दिवशी 'अंतिम पग' ओलांडून तो बाहेर आला. आईवडिलांनी दोन खांद्यांवरचे तारे उघडे केले. वडिलांना बोलवेना. आईची नजर खाली.

"एवढं चकाकवलंस तरी कशानं रे?"

"फडक्यानं, आई."

"घरी कधी ताट नाही विसळलंस!"

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीत रुजू झाल्यावर पहिल्या लांबलचक रूट मार्चनंतर तो अंघोळीच्या विचारात होता. प्लाटूनचे सुभेदार आडवे आले. "साहेब, आधी पोरांचे पाय बघूया." जवान बूट-मोजे काढून रांगेत बसले. सुभेदार एकेकाच्या बोटांच्या बेचक्यात बोट घालून बघत होते. ओल कुठे राहिली, कातडी कुठे सोलली, मोजा कुणाचा विरला. तोही पुढच्या पायापाशी उकिडवा बसला. तो पाय त्याच्यापेक्षा वयानं मोठ्या हवालदाराचा होता आणि दोघंही अवघडले. तोंडपाठ क्रमातला दुसरा नंबर त्या दिवशी प्रथमच त्याच्या हाताला लागला. घामेजलेला, भेगाळलेला आणि वासाचा.

पुढे मेसच्या लायब्ररीत त्यानं ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं 'हिमालयन ब्लंडर' वाचलं. 1962 साली नामका चू नदीकाठी दळवींच्या ब्रिगेडमधले कित्येक जवान त्या उंचीवर, त्या थंडीत सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून उभे होते. 20 ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला आणि दोन दिवसांत दळवी स्वतः युद्धकैदी झाले. पुस्तकात डावपेच आहेत, राजकारण आहे. त्याच्या मनात मात्र कॅनव्हासचे बूट अडकून बसले. नंतर उंचावरच्या ठाण्यांवर त्याची नेमणूक झाली तेव्हा रात्री फोनवर तो गस्तीचा अहवाल घ्यायच्या आधी विचारी, मोजे वाळले का? मोज्यातली ओल तिथं गोठते आणि हिमदंशात बोटं जातात. त्याच्या या प्रश्नाची पलटणीत नक्कल व्हायची, हेही त्याला ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर तो साताऱ्यात असतो. पहाटे मैदानावर त्याच्या क्लासमधली, एनडीएची तयारी करणारी पोरं जमतात आणि आता मुलीही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर मुलींना ही परीक्षा खुली झाली. 2022 मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी सतरा जणी मुलांच्या बरोबरीनं तिथून उत्तीर्ण झाल्या. माण तालुक्याकडची एक मुलगी थोरल्या भावाचे सैल बूट घालून धावते हे लक्षात आल्यावर त्यानं तिला थांबवलं, कठड्यावर बसवून टाचा बघितल्या आणि तिच्या वडिलांना फोन लावला. क्लासची फी पुढच्या महिन्यात द्या, आधी पोरीला तिच्या मापाचे बूट घ्या.

अधूनमधून एखादा उत्साही पोरगा विचारतोच, "सर, ते आरशासारखं पॉलिश कसं करायचं?"

"ते तिथं उस्ताद शिकवतील," तो म्हणतो. "तू मोजे काढ."