सासूबाईंच्या हयातीचा दाखला

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पेन्शन घेणारं कुणी वडीलधारं माणूस असेल, तर नोव्हेंबर महिना म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. ‘मी जिवंत आहे’ असं रीतसर कळवायचा तो महिना! आमचे सासरे रेल्वेत होते. ते गेल्यापासून सासूबाईंना फॅमिली पेन्शन मिळते. नोव्हेंबर उजाडला की त्या ठेवणीतलं इरकल नेसून, शेजारच्या काकूंना सोबतीला घेऊन रिक्षाने बँकेत जायच्या, सही करायच्या आणि येताना हमखास गरम भजी आणायच्या. वर्षाची सहलच म्हणा ना त्यांची!

हा दाखला आधार कार्डाच्या साहाय्याने यंत्रावरून देण्याची ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली. आम्ही काही तिच्या वाटेला गेलो नव्हतो. पण २०२० साली, करोनाच्या दिवसांत, त्यांना बँकेच्या गर्दीत न्यायचा धीर होईना. म्हणून कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात घेऊन गेले. तिथल्या मुलाने बोटांचे ठसे घ्यायचं छोटंसं यंत्र पुढे केलं. उजवा अंगठा ठेवला. जुळेना. तर्जनी ठेवली. तीही नाही. “आजी, जरा जोरात दाबा,” तो म्हणाला. एकेक करून उजव्या हाताची पाचही बोटं झाली.

वयाने कातडी सुकते, रेषा पुसट होतात, हे खरंच. पण साठ वर्षं राखेने भांडी घासलेली, पाट्यावर वाटण वाटलेली ती बोटं! त्यांवर रेषा राहायच्या तरी कशा? सासूबाई हात पदराला पुसत म्हणाल्या, “म्हणजे रे बाळा, मी मेले की काय?” त्या हसल्या, पण आम्ही दोघंही हसलो नाही. शेवटी हात धुऊन, खोबरेल तेलाचं बोट फिरवून, पुसून, डाव्या हाताची अनामिका तेवढी जुळली.

नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय निघाली. मग काय, पुढच्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या मोबाईलवर घरबसल्या काम उरकलं. चष्मा काढायला लावला, उजेडात बसवलं, पापण्या मिटायला-उघडायला सांगितलं. “पुनर्विवाह केला आहे का, असं विचारतायत आजी,” तो म्हणाला. “इश्श! मेल्यांना जनाची नाही तर मनाची तरी!” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की फोटो पुन्हा काढावा लागला. दाखल्याचा नंबर मोबाईलवर आला. झालं काम, असं म्हणून आम्ही मोकळे झालो.

खरं सांगते, पुढचं लिहायला मला आजही जड जातं. जानेवारीच्या अखेरीस त्यांचं कपाट आवरताना रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. गोळ्या मधोमध मोडलेल्या. विचारलं, तर आधी काही बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, “पेन्शन आली नाही गं डिसेंबरची. म्हटलं, येईपर्यंत पुरवून वापरू.” औषधं त्या पहिल्यापासून स्वतःच्या पैशाने आणतात. आमच्याकडे मागायच्या नाहीत, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. एका घरात राहून!

चूक कुणाची म्हणाल, तर आमचीच. पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर भरताना दोन आकडे उलटसुलट पडले होते. दाखला तयार झाला होता, पण पेन्शन देणाऱ्यांनी तो नाकारला होता. मैत्रिणींनो, दाखला तयार होणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं. नंबर आला तरी चार दिवसांनी त्याची स्थिती पुन्हा बघावी लागते, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! पुन्हा दाखला दिला आणि थकलेली पेन्शन सगळी मिळाली. पण त्या मोडलेल्या गोळ्या काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे मोबाईलवर एकजण आकडे भरतो आणि दुसरं माणूस कागद हातात धरून ते मोठ्याने वाचतं. ते दुसरं माणूस म्हणजे सासूबाईच. चष्मा लावून, अगदी ठणठणीत आवाजात! घरात असं कुणी नसेल, तर पोस्टमन घरी येऊनही हा दाखला करून देतो. आणि ऐंशी वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. चुका निस्तरायला हाताशी महिना राहतो, म्हणून आम्ही आता तेव्हाच देतो.

तरीही नोव्हेंबरात त्या बँकेत जातातच. यंदा मीच गेले सोबत. “काय गरज आहे, आई?” असं आता मी म्हणत नाही. खिडकीतल्या मुलीने संगणकात बघितलं, मग मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. “आलाय हो आजी तुमचा दाखला.”

बाहेर आल्यावर त्यांनी इरकलाच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाल्या, “चल, आधी औषधवाल्याकडे. मग भजी.”