सलग वाट, तुटक चौकट

डोंगररांगेच्या धारेवरून, मुक्काम करत करत, अनेक दिवस सलग चालत जाण्याला महाराष्ट्रातील गिर्यारोहक ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. अशा चालीचे चित्रण हे किल्ल्याच्या किंवा शिखराच्या चित्रणाहून मुळातच निराळे काम आहे, कारण किल्ला आणि शिखर ही स्थळे आहेत आणि चाल हा काळ आहे. स्थळ कॅमेऱ्याला सहज सापडते, काळ मात्र त्याला तुकड्यातुकड्यानेच गोळा करावा लागतो. आठ दिवसांच्या चालीतून तासाभराचा चित्रपट उभा राहतो, तेव्हा चाललेल्या वाटेचा फार मोठा भाग गळून गेलेला असतो, आणि तरीही पाहणाऱ्याला आपण सबंध वाट चाललो असे वाटले पाहिजे, हीच या कलेची मूळ अडचण आहे. अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल किंवा पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल यांसारख्या हजारो किलोमीटरच्या वाटांवर खुणा केलेल्या असतात आणि आखलेली वाट चित्रपटाला आपोआप एक दोरा पुरवते. सह्याद्रीत असा दोरा नाही. येथे गुरांच्या ढोरवाटा, बायकांच्या पाणवाटा, जुन्या व्यापारी घाटवाटा आणि मधली अडचणीची रानवाट एकमेकींना जोडूनच सलग वाट तयार करावी लागते, आणि चित्रण करणाऱ्यालाही आपला दोरा स्वतःच वळावा लागतो.

नाणेघाटापासून थळघाटापर्यंतचा, म्हणजे कसाऱ्याच्या घाटापर्यंतचा टप्पा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. वर जुन्नर, अकोले आणि इगतपुरीचा घाटमाथा, खाली मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील भातशेतीची गावे, आणि या दोहोंमध्ये जीवधनपासून हरिश्चंद्रगड, आजोबाचा डोंगर, रतनगड आणि अलंग-मदन-कुलंगपर्यंत उभा राहिलेला कडा, अशी ही रचना आहे. वाट साधारणपणे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, चालणाऱ्याच्या डाव्या हाताला कोकण आणि उजव्या हाताला देश राहतो, आणि चित्रणाचे पहिले व्याकरण या साध्या गोष्टीतूनच निघते. चित्रपटात चालणारा माणूस एकदा पडद्याच्या डावीकडून उजवीकडे जाताना दाखवला की पुढच्या दृश्यांतही त्याने त्याच दिशेने जावे, नाहीतर तो परत फिरला असे वाटते. कॅमेऱ्याने चालीच्या रेषेची एकच बाजू धरून ठेवायची, या संकेताला छायालेखक ‘दिशेची रेषा’ पाळणे म्हणतात. घाटमाथ्यावर हा संकेत कडाच पाळून घेतो. कॅमेरा देशाच्या बाजूला, पूर्वेला, ठेवला तर उत्तरेकडे जाणारा माणूस डावीकडून उजवीकडे जातो आणि त्याच्या मागे कोकणाची पोकळी राहते. पश्चिमेच्या बाजूने चित्रण करायचे म्हटले तर कॅमेरा ठेवायला जमीनच नसते. ड्रोन आल्यापासून हे बंधन सुटले, आणि दरीवर तरंगत कड्याकडे वळलेली अनेक सुंदर दृश्ये मिळू लागली, परंतु त्या दृश्यांत चालणारा एकाएकी उलट दिशेने जाऊ लागतो आणि पाहणाऱ्याच्या मनातील वाट तुटते. अशी दृश्ये अगदी थोडी आणि मुक्कामाच्या किंवा विसाव्याच्या जागीच वापरावीत, हे मत त्यामुळेच ग्राह्य वाटते.

उताराचे चित्रण ही याहून अवघड बाब आहे. कॅमेऱ्यात चढ सपाट होतो, हे डोंगरात पहिल्यांदा चित्रण करणाऱ्याला घरी आल्यावर कळते. बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढणाऱ्या नळीच्या वाटेवर, जिथे दगडांच्या राशीतून हातापायांवर चढावे लागते, तिथले दृश्य पडद्यावर ओढ्यातल्या साध्या फेरफटक्यासारखे दिसू शकते. दोन डोळ्यांनी मिळणारी खोली चित्रात नसते, आणि पोटऱ्यांना, गुडघ्यांना व कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारा चढ चित्रात उतरत नाही. शिवाय चढावर उभा असलेला माणूस नकळत कॅमेराही चढाला समांतर धरतो. त्यामुळे कॅमेरा पाणसळीत ठेवणे, वाटेच्या बाजूने चित्रण करणे आणि चौकटीत कुठेतरी खरी उभी रेषा येऊ देणे, एवढाच यावरचा उपाय उरतो. रानात ही रेषा झाडाच्या बुंध्याने मिळते, कारण उतारावरचे झाडही सहसा सरळच वाढते. उघड्या नळीत झाड नसते, तेव्हा चालणाऱ्याच्या सॅकचा लोंबता पट्टा कामी येतो. माणूस पुढे वाकलेला, एक पाय गुडघ्यात दुमडून वरच्या दगडावर, आणि पाठीवरून सुटलेला तो दोन बोटे रुंदीचा पट्टा गवंड्याच्या ओळंब्यासारखा थेट खाली उभा, असे दृश्य मिळाले की पाठ आणि पट्टा यांच्यामधील कोनातून चढ किती आहे ते पाहणाऱ्याला न सांगता कळते. पुष्कळ चालणारे लोंबते पट्टे नीटनेटकेपणाने बांधून टाकतात. चित्रण करणाऱ्याने त्यातला एक तरी सुटा ठेवायला सांगावा.

चालणारा आणि चित्रण करणारा एकच असेल तर श्रमाचा हिशेब बदलतो. कॅमेरा तिकाटण्यावर लावून पुढे चालत जायचे, वळणाआड झाल्यावर कॅमेरा उचलण्यासाठी मागे यायचे आणि मग तीच वाट पुन्हा चालायची, म्हणजे चित्रित होणारा प्रत्येक तुकडा तीनदा चालला जातो. पाठीवर पाणी, शिधा आणि अंथरूण असताना, पुढचे टाके कोरडे निघण्याची शक्यता असताना, हा खर्च कोणत्या तुकड्यावर करायचा हे ठरवणे म्हणजेच खरे दिग्दर्शन होय, आणि ते संकलनाच्या टेबलावर नव्हे तर उन्हात, दमलेल्या अवस्थेत करावे लागते. स्वाभाविकपणे माणूस विसाव्याच्या जागी, म्हणजे देखाव्यापाशी, कॅमेरा काढतो. त्यामुळे बहुतेक चित्रपटांत कडे, शिखरे, सूर्यास्त आणि तंबू यांची गर्दी होते, आणि दुपारी दोन वाजताची कंटाळवाणी, सावली नसलेली, पिवळ्या गवतातील सरळ चाल, जी प्रत्यक्ष चालीचा मोठा हिस्सा असते, ती कोठेच दिसत नाही. ज्या चित्रपटात कंटाळा नाही त्यात अंतरही नाही, कारण लांबी ही पाहणाऱ्याला थोडी सोसावीच लागते. दिवसातून ठरावीक वेळी, समोर काहीही असो, एक मिनिट चित्रण करायचे हा नियम यासाठी उपयोगी पडतो. तो कॅमेरा चालवणाऱ्याच्या आवडीनिवडीला बाजूला सारतो.

तथापि चालीची सलगता सर्वांत चांगली टिकते ती आवाजात, आणि या अंगाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दृश्य तुटले तरी पावलांचा आवाज चालू राहिला तर वाट चालू राहते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील कातळावर बुटाचा ठोका कोरडा आणि आखूड असतो, मुरमाड धारेवर प्रत्येक पावलाला घसरण्याचा आवाज शेपटासारखा जोडलेला असतो, कारवीच्या दाटीत काठ्या सॅकला घासून करकरतात, आणि घाटमाथ्यावरच्या दाट राईत ओलसर पाचोळ्यात पाऊल जवळजवळ बुडून जाते. तिथून शहापूर-मुरबाडच्या बाजूला उतरावे, तर फेब्रुवारीच्या सुमारास पायथ्याच्या रानात सागाची पाने गळून पडलेली असतात; ताटाएवढी ती पाने पायाखाली पापडासारखी मोडतात आणि माणसाच्या चालण्याचा आवाज माणसाच्या किती तरी पुढे जातो. ज्याने हे आवाज नीट टिपले आहेत त्याच्या चित्रपटात डोळे मिटून बसलेल्यालाही उतार संपला हे कळेल. यासाठी ध्वनिग्राहकावर वारा अडवणारे केसाळ आवरण हवे, कारण कड्याच्या काठावर खालून वर येणारा वारा उघड्या ध्वनिग्राहकात नुसता भणाणत राहतो, आणि प्रत्येक मुक्कामी कोणीही न बोलता, न हलता, एक-दोन मिनिटांचा त्या जागेचाच आवाज टिपून ठेवायला हवा. संकलनात दोन तुकडे जोडताना याच आवाजाचा गारा भरला जातो. रात्रीच्या थंडीत बॅटऱ्यांची शक्ती घटते म्हणून त्या अंथरुणात, अंगाशी घेऊन झोपणे हा सर्वांना माहीत असलेला उपाय आहे. तेवढीच आस्था आवाजाला मिळत नाही, याचे वाईट वाटते.

याच टप्प्यावर कॅमेऱ्याची एक मर्यादा फार स्वच्छपणे दिसते. कोकणकड्यावर सूर्य पाठीशी आणि समोर दरीत दाट धुके असले की आपल्या सावलीभोवती पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते. त्याला इंद्रवज्र म्हणतात, आणि कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या दृश्याची नोंद १८३५ साली प्रसिद्ध झाली. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे हे दृश्य सकाळचे. कड्यावर चार माणसे उभी असली तरी धुक्यातील वलय प्रत्येकाला आपापल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसते, शेजाऱ्याच्या सावलीभोवती दिसत नाही. कॅमेराही याला अपवाद नाही: त्याने टिपलेल्या वलयाच्या मध्यभागी कॅमेऱ्याचीच सावली येते. चालणाऱ्याने पाहिलेले इंद्रवज्र दुसऱ्याला चित्रित करता येत नाही. चालणाऱ्याचा अनुभव ‘जसाच्या तसा’ दाखवल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक चित्रपटाने हे ध्यानात ठेवावे असे वाटते, कारण जे निसर्गाच्या एका दृश्यात भूमितीने सिद्ध होते तेच थकव्याच्या, भीतीच्या आणि आनंदाच्या बाबतीतही खरे आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. दूरच्या वाटांवरील चित्रपटांतून ‘निर्मनुष्य रान’ ही कल्पना आपल्याकडे आली, आणि ती सिद्ध करण्यासाठी चौकटीतून गावे, गुरे, विजेच्या तारा आणि माणसे वगळण्याची सवय लागली. सह्याद्रीत ही सवय खोटेपणाकडे नेते. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षे माल आणि माणसे ज्या वाटेने चढली-उतरली तिला रान म्हणताना थोडे थांबायला हवे. आजही कोकणातील पाड्यांतून घाटावरच्या नातलगांकडे, जत्रेला, बाजाराला जाणारे ठाकर आणि महादेव कोळी लोक याच वाटा मळलेल्या ठेवतात, आणि पावसाळ्यानंतर गवतात हरवलेली वाट शोधताना चालणाऱ्याला आधार असतो तो गावातील वाटाड्याचा. तो पुढे चालतो, कोयत्याने फांद्या साफ करतो, आणि संकलनात बहुधा पहिला कापला जातो. त्याला विचारून, त्याचे नाव देऊन चौकटीत ठेवणे हा उपचार नसून वाटेची खरी माहिती आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्ये या रांगेवर असल्याने तेथे चित्रणासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि ड्रोनला तर त्याचे वेगळे नियम आहेत. कड्यांच्या कपारीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी ती जागा घर असते, हे नियम नसते तरी पाळावे लागले असते.

या प्रदेशातून झालेली सर्वांत विलक्षण सलग चाल कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेली नाही. २००९ साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला बाहेर काढून, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याच्या शांत स्वभावामुळे त्याला ‘आजोबा’ हे नाव मिळाले. हा बिबट्या मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत सुमारे १२० किलोमीटर चालत गेला, आणि ही चाल २९ दिवसांत पूर्ण झाली. वाटेत त्याने कसाऱ्याजवळचा लोहमार्ग, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडली. उरले ते नकाशावरचे ठिपके. पुढे २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट केला आणि त्यात उर्मिला मातोंडकर यांनी अभ्यासकाची भूमिका केली, तेव्हा त्या ठिपक्यांमधली जागा भरण्यासाठी अभ्यास करणाऱ्या माणसाचे आयुष्य आणावे लागले, आणि हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. कारण दोन ठिपक्यांमध्ये बिबट्या कोठे थांबला, कोणत्या ओढ्यात पाणी प्यायला, कोणत्या गावाच्या कडेने कुत्री भुंकत असताना दबून गेला, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्याचा आव आणण्यापेक्षा वाट पाहणाऱ्याकडे कॅमेरा वळवणे प्रामाणिक आहे. २०११ मध्ये हा बिबट्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. सलग वाट चालणाऱ्या जनावराला रस्ता आडवा येतो, हे या भागात चित्रण करणाऱ्याने विसरू नये. डोंगराचा चित्रपट रस्त्याशी येऊन थांबतो, जनावराला तिथे थांबता येत नाही.

शेवटच्या दिवसाच्या चित्रणाविषयी म्हणूनच थोडे आग्रहाने लिहायला हवे. बेलपाड्याकडे उतरून, किंवा आजोबाच्या डोंगराच्या पायथ्याला डेहण्याकडे येऊन चाल संपते, तेव्हा कॅमेरा बहुधा सॅकमध्ये बंद झालेला असतो. पुढचा प्रवास एस.टी.ने किंवा जीपने होतो, आणि मुरबाड-किन्हवलीच्या बाजूने शहापूर-आसनगावकडे येणाऱ्याला सापगावजवळ भातसा नदी ओलांडावी लागते. मागे वळून पाहिले तर आठ दिवस पायाखाली असलेली रांग हवेच्या धुरकटपणात एका निळसर रेषेएवढी उरलेली दिसते, आणि पुढे माहुलीचे सुळके उभे राहतात. पुलाखालचे पाणी घाटाच्या पायथ्यावरून, भातसा धरणातून आलेले असते. येथे कॅमेरा पुन्हा बाहेर काढावा, तो पाणसळीत धरावा, आणि ध्वनिग्राहक चालू ठेवून पाठीवरून सॅक उतरवणाऱ्या माणसाचे चित्रण करावे. सॅकच्या पट्ट्यांखाली सदऱ्यावर घामाचे दोन गडद पट्टे उमटलेले असतात, नदीवरच्या वाऱ्याने ते कडांकडून सुकत जातात आणि मागे मिठाची पांढरी रेघ राहते. हे सगळे घडायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ दृश्य न तोडता चालू ठेवावे.