वाड्यातली राजदूत ३५०

पुण्याला आलेले पाहुणे शनिवारवाडा पाहतात, भेळ खातात आणि परत फिरतात. वाड्याच्या पूर्वेला कसबा पेठ आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. मुलांनो, पुणे जिथून वाढत गेले ती ही पेठ, बरं का! पेशव्यांच्या कितीतरी आधीची. पुण्याचे ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच. त्याचे देऊळ जिजाबाईंनी बांधवले असे सांगतात. २०२४ पासून पेठेच्या पोटातून मेट्रो धावू लागली. पण पेठ पाहायची ती पायीच.

गणपतीला नमस्कार करून तांबट आळीत शिरा. ठक्-ठक्-ठक् असा आवाज कानावर येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके घालतात, त्याला माठारकाम म्हणतात. त्याने भांडे चमकते आणि पत्रा कडकही होतो. पूर्वी घरोघरी अंघोळीचे पाणी तापवायला तांब्याचे बंब असत. गीझर आले आणि बंब माळ्यावर गेले.

आम्ही मात्र पेठेत गेलो होतो ते भांडी घ्यायला नव्हे. माझ्या मामाला एक जुनी मोटारसायकल पाहायची होती. एक वाडा पाडून तिथे इमारत होणार होती. वाड्यातल्या आजी सामान आवरत होत्या. जिन्याखालची पोती बाजूला केली आणि मामा एकदम ओरडला, "राजदूत ३५०!"

ही गाडी काही साधीसुधी नाही. यामाहा या जपानी कंपनीच्या 'आरडी ३५०'वरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ पासून भारतात बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर! तेव्हा आपल्या रस्त्यांवर असे वेगवान यंत्र विरळाच. पण जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या गाडीला साधा ड्रम. वेग वाघाचा, लगाम तट्टाचा! शिवाय पेट्रोल फार पीत असे. १९८५ मध्ये कमी पेट्रोल खाणारी हिरो होंडा आली आणि राजदूत ३५० मागे पडली.

टू-स्ट्रोक म्हणजे काय? अशा इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एकदा वर आणि एकदा खाली गेला की काम पुरे. प्रत्येक फेरीला इंधन पेटते. म्हणून गाडी झटकन पळते. पण पेट्रोलबरोबर ऑइलही जळते आणि थोडे इंधन न जळताच धुराड्यातून निसटते. तो निळसर धूर हवेला वाईटच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशा या मोटारसायकली बनायच्या थांबल्या.

मामा लगेच किक मारील असे मला वाटले होते. त्याने गाडीला पायच लावला नाही! "वर्षानुवर्षं बंद पडलेल्या इंजिनाला लाथ मारायची नसते," तो म्हणाला. त्याने दोन्ही स्पार्क प्लग काढले, भोकांतून थोडे थोडे ऑइल सोडले आणि अर्धा तास नुसता बसून राहिला. मग किक हाताने हळूच दाबली. पिस्टन हलले! मग टाकीत बॅटरीचा उजेड टाकला. आत गंजच गंज. क्रँकची रबरी सीलही वाळून गेली असणार. ती तशीच ठेवली तर हवा आत शिरते, इंजिन भलतेच तापते आणि पिस्टन जाम होतो.

मग त्याने हँडलखालचा चॅसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर कापडाने पुसला आणि आर. सी. पुस्तकाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले. अडचण निघाली ती वेगळीच. गाडी होती आजोबांच्या नावावर, आणि आजोबा आता नव्हते.

आमच्या आधी एक गिऱ्हाईक येऊन गेले होते. आजी म्हणाल्या, "तो म्हणाला, कागद राहू द्या, रोख पैसे घ्या. सुटे भाग करून विकतो. तुझ्यापेक्षा जास्तच देत होता हो."

"मग दिली का नाहीत?" मी विचारले.

"तोडायचीच असती, तर भंगारवाल्याला नसती दिली?"

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, मला तेवढे पैसे जमणार नाहीत. पण गाडी अख्खी ठेवीन. आणि आधी कागद, मग गाडी."

त्याने थोडा विसार दिला आणि पावती लिहून घेतली. आजींच्या मुलांच्या संमतीच्या सह्या झाल्या, आरटीओत गाडी आजींच्या नावावर झाली, मग मामाच्या. पंधरा वर्षे कधीच उलटली होती. त्यामुळे रस्त्यावर आणण्याआधी तपासणी करून नोंदणीही नव्याने करावी लागणार. पाडकाम सुरू व्हायच्या आठ दिवस आधी राजदूत टेम्पोत चढली. आजींनी हवा भरायचा जुना पंपही आणून दिला. म्हणाल्या, "हा तिच्याबरोबरच असू दे."

गाडी अजून सुरू झालेली नाही. पेठेजवळच्या जुन्या बाजारात मामा सुटे भाग शोधत हिंडतो. कधी एखादा नट मिळतो, कधी नुसताच घाम! टाकीतला गंज काढून झाला आहे, सील बदलायची आहेत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होणार, हे त्याने आधीच वहीत मांडून ठेवले आहे. सुरू झाल्यावरही ती रोज फिरवायची नाही, असे घरात ठरले आहे. धूर होतोच ना!

तुमच्या ओळखीच्या एखाद्या वाड्यात अशी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर आईबाबांना सांगा: आधी आर. सी. पुस्तक शोधा. आणि किक? ती मात्र कोणी मारू नका!