हाली, कलदार आणि घरची ठेव

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मुलांच्या शिक्षणाची चर्चा जितक्या मोकळेपणानें होते, तितक्या मोकळेपणानें घरच्या पैशाची होत नाहीं. पैसा मिळविणें हें कर्तव्य, जपणें हा गुण. पण त्याविषयीं बोलणें मात्र हलकेपणाचें, अशी आमची समजूत. ह्या मौनाची किंमत बहुधा घरांतील वडील बायकांना मोजावी लागते.

आम्हां जालनेकरांस खरें पाहतां असें गाफील राहणें शोभत नाहीं. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि दोन रुपये ओळखावे लागत: एक हैदराबादचा हाली, दुसरा इंग्रजी कलदार. सात हालींस सहा कलदार हा सरकारी भाव. त्यामुळें आमच्या आजीसारख्या शाळा न पाहिलेल्या बाईसही, कोणी रुपया म्हटला कीं ‘कोणता?’ असें विचारण्याची संवय होती.

आज ‘ठेव’ हा शब्द ऐकून तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आमच्या काकूंनीं शिक्षिकेच्या नोकरींतून निवृत्त होतांना मिळालेली रक्कम एका पतसंस्थेंत ठेवली. व्याज इतरांहून अधिक, आणि कारकून ‘मावशी’ म्हणून अगत्यानें पाणी देणारा. एके दिवशीं दाराला कुलूप लागलें. काकूंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबली. “अरे, बँकच ना ती?” असें त्या अजून विचारतात. ती बँक नव्हती. बँकेंतील ठेवीस, मग बँक सहकारी असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून दर बँकेमागें माणशीं, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. नांव एक, नाणें निराळें.

म्हणून नवशिक्यानें व्याजाचा दर शेवटीं विचारावा. आधीं तीन प्रश्न: पैशाची हमी कोणाची? अडीनडीस तो हातीं केव्हां येईल? आणि महागाईपुढें टिकेल काय? पोस्टांतील ठेवीमागें केंद्र सरकार असतें. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीही तसाच सुरक्षित. पण त्याची मुदत १५ वर्षांची, म्हणून आजारपणाकरितां राखावयाचा पैसा तेथें अडकवूं नये. सोनें अडचणीस धांवून येतें; पण दागिना व्याज देत नाहीं, आणि मोडतांना घडणावळ परत मिळत नाहीं. शेअर म्हणजे धंद्यांतील भागीदारी; नफ्याबरोबर तोटाही आपलाच. म्युच्युअल फंडानें धोका वांटला जातो, नाहींसा होत नाहीं. १९६४ सालच्या प्रसिद्ध यूनिट योजनेची खरेदी-विक्री जुलै २००१ मध्यें थांबली, तेव्हां ती सरकारीच समजून निश्चिंत असलेलीं कितीतरी घरें हादरलीं.

एक हिशोब प्रत्येक गृहिणीनें पाठ करावा. ७२ ला व्याजाच्या दरानें भागिलें असतां रक्कम दुप्पट होण्याचीं वर्षें सुमारानें मिळतात. ६ टक्क्यांनीं १२ वर्षें. महागाई ६ टक्के असेल, तर तितक्याच वर्षांत कपाटांतील रुपयाची किंमत निम्मी होते. आणि दोन वर्षांत दामदुप्पट देऊं म्हणणारा मनुष्य ३६ टक्क्यांहूनही अधिक व्याजाची गोष्ट बोलत असतो. असा कोणता धंदा आपण करतां, एवढें त्यास विचारावें.

आतां आमच्या घरीं एक वही आहे. कोणती रक्कम कोठें, कोणाच्या नांवें, वारस कोण, हें तींत लिहिलेलें असतें, आणि घरांतील लेकीसुनांसह सर्वांना तें ठाऊक असतें. नवी ठेव निघाली कीं ‘कोणती?’ हा प्रश्न प्रथम काकूच विचारतात.