पोटाला हात नको

भाचीला सातवा महिना लागला तसे आपाने तिला सोलापुरात अम्मीकडे आणून सोडले. आपाचे गाव अक्कलकोट तालुक्यात, आडरस्त्याला. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर गाडी मिळायची मारामार. अम्मीचे घर गल्लीच्या तोंडाशी, दवाखाना दहा मिनिटांवर. मीही त्याच मोहल्ल्यात राहते. शाळा सुटली की आधी अम्मीकडे डोकवायचे, चहा घ्यायचा आणि भाचीच्या तक्रारी ऐकायच्या, असा माझा नेमच झाला. कंबर धरते, पायात गोळे येतात, रात्री कूस बदलताना जीव नकोसा होतो. पहिलटकरणीच्या असतात त्याच साऱ्या तक्रारी.

आमच्या घरात या सगळ्यावर एकच उत्तर असते. वाटीत तेल कोमट करायचे आणि मालिश करायची. अम्मीच्या हाताला ती कला आहे. लहानपणी ताप आला, परीक्षेची भीती वाटली, कुणाशी भांडण झाले, तरी अम्मी डोक्याला तेल लावायला बसायची आणि अर्धे दुखणे तिथेच पळायचे. त्यामुळे मालिशीला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी लिहिते आहे ते एका गुरुवारच्या संध्याकाळबद्दल.

त्या दिवशी भाचीची सोनोग्राफी झाली होती. तेहतिसावा आठवडा. सगळे ठीक होते, फक्त बाळाचे डोके वर आणि पाय खाली. आपण ज्याला पायाळू म्हणतो तसे. मी पोचले तेव्हा अम्मीने तेलाची बाटली धुऊन-पुसून ठेवली होती. "उद्या जुम्याच्या नमाजनंतर एक बाई येणार आहे," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतल्या दोघींची मुलं तिनं फिरवून दिली. तीन दिवस पोट चोळलं की मूल सरळ होतं म्हणे."

माझ्या हातातली बशी हलली. कारण हेच शब्द मी याच घरात पूर्वी ऐकले होते.

१९९८ साली मी बारावीत होते. आपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यात मूल आडवे आहे असे समजले. एक मालिशवाली आली, तिने दोन दिवस पोट चोळले, दाबले. दुसऱ्या रात्री आपाचे पोट दगडासारखे घट्ट झाले. दुखणे थांबेना, अंगावरून रक्त जाऊ लागले. अब्बांनी रिक्षा आणली. आपा वाचली, अल्हमदुलिल्लाह. बाळ वाचले नाही. वेळेआधीच वार गर्भाशयापासून सुटली, असे डॉक्टर म्हणाले. मालिशीनेच असे झाले का, हे त्यांनी ठामपणे सांगितले नाही. रक्तदाब वाढला तरी वार सुटू शकते. पण पोटावर असा जोर कधीच देऊ नका, हे मात्र त्यांनी अब्बांना दोनदा बजावले.

त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. दोन वर्षांनी ही भाची झाली आणि सगळ्यांनी जणू ठरवून मागचे पान उलटले. अम्मीने तर त्या रात्रीचे नावच घेतले नाही.

आता मी अम्मीला काय सांगू? "उद्याच्या बाईला नको म्हण" एवढे म्हटले तरी त्याचा अर्थ एकच होत होता: तेव्हा तुझे चुकले. सत्तरी ओलांडलेल्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? वर्गात चाळीस मुलांपुढे सहज बोलणारी मी, त्या दिवशी चहा अर्धा टाकून घरी निघाले.

वाटेत दाईअम्माचे घर लागते. आमच्या मोहल्ल्यातली अर्धी मुले तिच्या हातावर झाली. आता तिला ऐंशीच्या वर वर्षे झालीत, डोळ्यांना कमी दिसते. पण माझ्या मनात तिच्याविषयी एक वेगळी जागा आहे.

२००६ साली मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा पाय दुखतात म्हणून सासूबाईंनी तिला बोलावले. तिने माझी सलवार पोटरीपर्यंत सारली, दोन्ही पायांकडे पाहिले आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली. डाव्या पोटरीला हाताची मागची बाजू लावून बघितली. मग शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चांगलीच जाड होती, लालसर आणि गरम. "दोन्ही पाय सुजले असते तर गोष्ट वेगळी होती," ती म्हणाली. "एकच पाय सुजलाय. याला मी तेल लावणार नाही. आजच डॉक्टरला दाखव." सासूबाई जरा नाराज झाल्या. दवाखान्यात पायाची डॉपलर तपासणी झाली आणि शिरेत रक्ताची गुठळी निघाली. गरोदरपणात रक्त लवकर गोठते, म्हणून असे होण्याचा धोका वाढतो, आणि डाव्या पायात ते जास्त दिसते. तो पाय जोराने चोळला असता तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती होती. बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही सहा आठवडे मी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घेतली. माझा मुलगा आज कॉलेजात आहे.

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने मला एक गोष्ट शिकवली. चांगला हात कोणता? जिथे लावायचा नाही तिथे जो थांबतो, तो.

त्या गुरुवारी मी तिच्या खाटेशी बसले आणि भाचीचे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेट कू हात नक्को लगाव. पाठ, पाय, डोकं, काय चोळायचं ते चोळा. आणि तुझ्या अम्मीला सांग, दाईअम्मा परत तेच सांगते म्हणून."

ते "परत" मला तेव्हा खटकले. पण अंधार पडायला लागला होता, मी विचारले नाही.

इशाच्या नमाजनंतर मी पुन्हा अम्मीकडे गेले. जुने काहीच काढले नाही. एवढेच म्हटले, "अम्मी, दाईअम्मानं निरोप दिलाय, पोटाला हात लावायचा नाही. आणि उद्या मी अर्धी रजा टाकते. तुम्ही, मी आणि ही, तिघी डॉक्टरबाईंकडे जाऊ. त्यांनी परवानगी दिली तर मी आडवी येणार नाही." अम्मीने माझ्याकडे पाहिले. मग फोन उचलून त्या बाईला सांगितले, "उद्या नको."

डॉक्टरबाईंनी अम्मीला खुर्ची दिली आणि तिच्याशीच बोलल्या. मला ते फार आवडले. त्यांनी समजावले ते असे. तेहतिसाव्या आठवड्यात मूल पायाळू असणे ही घाबरण्याची गोष्ट नाही. बहुतेक मुले छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आपली आपण फिरतात. पूर्ण दिवस भरताना शंभरात तीन-चारच तशी राहतात. बाहेरून हाताने मूल फिरवण्याची पद्धत डॉक्टरांकडेही आहे, पण ती छत्तीस-सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि दवाखान्यातच करतात. आधी सोनोग्राफीत वार कुठे आहे, पाणी किती आहे हे पाहतात, बाळाचे ठोके सतत तपासतात आणि गरज पडली तर लगेच ऑपरेशन करता येईल अशी तयारी ठेवतात. "आजी, वार कुठं चिकटलीय ते मलासुद्धा नुसत्या हातानं कळत नाही," त्या म्हणाल्या. "मग घरात चोळणाऱ्या बाईला कसं कळणार?"

अम्मीने फक्त मान हलवली. मग विचारले, "पण तिची कंबर दुखते हो. पाठीला तेल लावू का?"

"जरूर लावा," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. भाचीचा रक्तदाब व्यवस्थित होता, सूज-रक्तस्राव काही नव्हते. त्यांनी घालून दिलेले नियम मी घरी येऊन वहीत उतरवले. माझ्या भगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देते.

मालिश करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पहिल्या तीन महिन्यांत तर विचारल्याशिवाय करूच नये. आधी गर्भपात झालेला असेल, वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा वेळेआधी कळा येण्याची शक्यता सांगितली असेल, तर घरच्या घरी काही ठरवू नये.

पोट वाढल्यावर उताणे झोपवून मालिश करू नये. गर्भाशयाच्या भाराने पाठीजवळची मोठी शीर दबते, चक्कर येते, बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. पालथे झोपण्याचा तर प्रश्नच नाही. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन झोपवावे, नाहीतर खुर्चीवर उलटे बसवून पाठीला पुढे आधार द्यावा. जेवणानंतर लगेच नको. पंधरा-वीस मिनिटे पुरे.

हात हलका असावा. पाय पावलाकडून वरच्या दिशेने नुसते कुरवाळल्यासारखे चोळावेत, पोटऱ्या दाबू नयेत. एकच पाय सुजलेला, दुखरा, गरम किंवा लाल दिसला तर तेलाची बाटली बंद करून दवाखाना गाठावा.

तेल साधे घ्यावे, घरच्या सवयीचे. आमच्याकडे खोबरेल. कापूर घातलेले तेल, झोंबणारे बाम, दुखण्यावरची मलमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. औषध कातडीतूनही अंगात जाते. आणि फरशीवर सांडलेले तेल आधी पुसावे. घसरून पडण्याचा धोका काही लहान नसतो.

डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, चेहरा व हात सुजणे, पोट कडक होऊन न सुटणे, रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, छातीत दुखून दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर "जरा चोळून बघू" म्हणत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. आणि ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी लक्षात ठेवावे, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आपल्या भागातल्या आशाताईंना विचारले की त्या सगळे सांगतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरबाईंनी सांगितली नाही, ती मी माझ्या वतीने जोडते. आपल्या मुलींना आपण सोसायला शिकवतो. मोठ्यांपुढे "दुखतंय" म्हणायचे नाही, सासूने बोलावलेल्या बाईला "पुरे" म्हणायचे नाही, हीच अदब समजतो. आपाही त्या दोन दिवसांत एकदाही मोठ्याने ओरडली नव्हती. दुपट्टा दातांत धरून पडली होती, हे मी दारातून पाहिले आहे. अदब जरूर असावी. पण मालिश करून घेणारीने "थांबा" म्हटले की हात थांबलाच पाहिजे. आईच्या पोटातले मूल अमानत आहे, आणि त्या अमानतीची पहिली राखणदार ती आईच आहे.

त्या संध्याकाळपासून अम्मी स्वतः भाचीला मालिश करू लागली. भाची डाव्या कुशीवर, अंगावर चादर, फक्त पाठ उघडी. अम्मी खांद्यांपासून कंबरेपर्यंत हात फिरवायची आणि दर थोड्या वेळाने विचारायची, "जोर जास्त होतोय का गं?" सुरुवातीला भाची लाजून "नाही नानी" म्हणायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "इथं जरा हळू." मला बरे वाटले.

बाळ काही फिरले नाही. सदतिसाव्या आठवड्यातही पाय खालीच. पाणी थोडे कमी होते म्हणून डॉक्टरबाईंनी बाहेरून फिरवण्याचा प्रयत्न केला नाही. एकोणचाळिसाव्या आठवड्यात दिवस ठरवून सिझेरियन झाले. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. गल्लीत दोघी-तिघी म्हणाल्याच, "मालिश करून घेतली असती तर पोट फाडावं लागलं नसतं." मी वाद घातला नाही. टाके भरेपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला तेल लागणार नाही, एवढे मात्र घरात सगळ्यांना बजावले.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आपा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. भाचीला झोप लागली होती. अम्मी खिडकीपाशी तसबीह ओढत होती. मध्येच तिचे बोट थांबले.

"तेव्हाही दाईअम्मानं नाहीच म्हटलं होतं," ती म्हणाली. आमच्याकडे न बघता. "पोटाला हात लावणार नाही म्हणाली. मला राग आला. मग मीच दुसरी बोलावली."

दाईअम्माचे ते "परत" मला तेव्हा कळले. सत्तावीस वर्षे ती म्हातारी तोंड मिटून राहिली होती, आणि अम्मीही.

आपा उठली. तिने काही विचारले नाही, काही समजावलेही नाही. बाळ अम्मीच्या मांडीवर ठेवले आणि तिच्या शेजारी बसून तिचा हात आपल्या हातात घेतला. त्या हाताला अजून खोबरेल तेलाचा वास होता.